मासा खाणारा नीलकंठ

आमच्या काकाजींनी उभ्या आयुष्यात एकही पक्षी बरोबर ओळखला नाही, आणि ओळखण्यात झालेली एकही चूक कबूल केल्यावाचून सोडली नाही. यातली पहिली गोष्ट आम्ही हसतखेळत सोसली असती. पक्षी ओळखता आले नाहीत म्हणून कुणाची चूल विझत नाही. दुसरीनं मात्र घर जेरीस आणलं. चुका करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. चुका लपवणारं एक माणूस तर मी रोज सकाळी कुंकू लावताना आरशात पाहत होते. पण आपली चूक काखेत पागोटं धरून घरोघर वाटत हिंडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघाला.

मेडशीच्या अलीकडे नाल्याच्या काठावर आमचं गाव. तीसचाळीस घरं, एक मारुती, एक चावडी. मोठं युद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट सांगते आहे. आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं. मोटेची विहीर, तिच्याभोवती वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि नाल्यापलीकडे थोडी ज्वारी. बाजाराच्या दिवशी पाट्या भरून मेडशीला जायच्या. काकाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न केलं नाही. अंगानं उंच, सडसडीत, आणि डोळे असे तेज की अर्ध्या कोसावरून येणाऱ्या बैलाचं डावं शिंग मोडकं आहे हे ते ओसरीवर बसून सांगत. तेव्हा दोष नजरेत नव्हता. पक्षी डोळ्यांतून आत शिरायचा तो अगदी नीट, पिसानपीस. पण आत शिरल्यावर नावाच्या घरापर्यंत पोहोचायच्या आत त्याची वाट चुकायची, आणि तो भलत्याच घरात जाऊन बसायचा.

ज्वारी निसवली की माळ्यावर बसून राखण करण्याचं काम घरानं काकाजींकडे दिलं होतं. आता राखण म्हणजे काय, हे लहान मूलही सांगेल. पाखरू आलं की गोफण फिरवायची आणि हाळी द्यायची. काकाजींची पद्धत वेगळी होती. पाखरू आलं की ते आधी त्याच्याकडे निरखून पाहत. डोकं कसं, चोच कशी, पोटाखालचा रंग कोणता, शेपूट हलवतं की नाही. मग ते कोण असावं याचा विचार करत. विचार पक्का झाला की मग गोफण उचलत. तोवर पाखरू जेवून, चोच पुसून, घरच्या माणसांना बोलावून आणून पुन्हा पंगतीला बसलेलं असे. एकदा सासरे दुपारी शेतात गेले, तर अख्ख्या रानावर पोपटांचा हिरवा गोंगाट आणि माळ्यावर काकाजी हनुवटीला हात लावून बसलेले. सासरे खालून ओरडले, "अरे, हाकल ना! काय पाहून राह्यला?"

"थांब दादा," काकाजी वरून म्हणाले, "हे राघू आहेत का दुसरं काही, ते समजू दे. नावगाव इचारल्याबिगर कोणाले हाकलाचं कसं?"

"राघू असो का जावाई असो, दाणे आपले खाऊन राह्यले!"

त्यावर काकाजींनी राघू नसून ते हिरवे होले आहेत असा निर्णय दिला आणि मग गोफण मारली. संध्याकाळी नाल्यावर म्हशी धुणाऱ्या कुणीतरी सांगितलं की हिरवे होले आपल्याकडे नसतात, ते पोपटच. झालं. काकाजी लगेच निघाले. हिरव्या होल्यांची बातमी त्यांनी वाटेत सात जणांना दिली होती. त्या सातही जणांच्या दारात जाऊन, पागोटं काढून काखेत धरून, "चुकलो बा मी. राघू व्हते," असं सांगून आल्यावरच ते जेवायला बसले. भाकरी तोवर पापडासारखी झाली होती. ती कुणी वाळवली म्हणाल, तर ज्वारी खाणाऱ्या पोपटांनी नव्हे, आमच्या घरच्या सत्यानं.

त्यांचा नियमच होता: जेवढ्या जणांना सांगितलं तेवढ्यांना परत सांगायचं. एकदा वाटेनं जाणाऱ्या परगावच्या कासाराला त्यांनी बाभळीवरचा एक पक्षी भारद्वाज म्हणून दाखवला. दुसऱ्या दिवशी तो साधा डोमकावळा असल्याचं उघडकीला आलं. कासार तोवर कुठच्या कुठे गेला होता. काकाजी बाजाराच्या दिवशी पायी मेडशीला गेले, बांगड्यांच्या दुकानात बायकांच्या घोळक्यात शिरले आणि कासाराला म्हणाले, "मी तुमाले भारद्वाज म्हटलं व्हतं, ते चूक व्हतं." कासाराला काहीच आठवेना. तो म्हणाला, "तुमी मले काई म्हटलं नाई बापा." तेव्हा काकाजींनी त्याला आधी ती चूक पहिल्यापासून नीट सांगितली, त्याला ती पटवली, आणि मग दुरुस्त केली. त्या दिवशी घरच्या वांग्यांची पाटी तशीच परत आली, कारण ती विकायला गेलेला माणूस कबुली देत उभा होता.

कधी कधी तर कबुलीच चुकीची निघे. एका सकाळी त्यांनी गावाला हाका मारून आकाशात गरुड दाखवला. सगळ्यांनी हात जोडले, माझ्या सासूबाईंनी अंगणातून वर कुंकवाची चिमूट उधळली. दुपारी ते सांगत फिरले की गरुड नव्हता, घार होती. संध्याकाळी कुणा वाटसरूनं डोक्यात भरवलं की नाही, वर्णनावरून तो गरुडच असावा. मग दिवेलागणीला तिसरी फेरी निघाली. चौथ्या दिवशी पुन्हा घार झाली. शेवटी चावडीवरचे म्हातारे म्हणाले, "काकाजी, तुमचं जे काय आखरी ठरंल ते एकडाव सांगा. आमचे हात जोडून जोडून दुखून राह्यले."

आणि टिटवीची अंडी! ती आठवली की आजही माझ्या कपाळाची शीर उडते. मिरचीच्या वाफ्यात काकाजींना टिटवीची चार अंडी सापडली. करड्या रंगाची, वर काळे ठिपके. त्यांनी भोवती काट्या रोवल्या, त्या वाफ्याचं पाणी बंद केलं आणि निंदायला आलेल्या बायांना तिकडे फिरकू दिलं नाही. पंधरा दिवस मिरची सुकत राहिली, काकाजी दूर बसून टिटवीची वाट पाहत राहिले. सोळाव्या दिवशी ते घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, चुकलो. गोटे व्हते."

सासूबाई म्हणाल्या, "हात लावून पाह्यला असता तर पहिल्याच दिवशी समजलं असतं."

"हात कसा लावू? टिटवी सोडून गेली असती ना."

आता या घरात मी कशी आले ते सांगते. माझं माहेर कामरगावचं. मी चौथी शिकलेली. आमच्या घरात, गावात आणि माझ्या मते पंचक्रोशीत इतकी शिकलेली सून नव्हती, आणि हे कुणी विसरू नये म्हणून मी स्वतः काळजी घेत असे. पक्ष्यांबद्दल तर मी अधिकारानं बोले, कारण आमच्या चौथीच्या पुस्तकात एका पानावर आठ पक्ष्यांची चित्रं होती. त्यातलं अर्धं पान फाटलेलं होतं ही गोष्ट मी सासरी सांगितली नव्हती. माझा आणखी एक गुण म्हणजे मी कधी चुकत नसे. वरणात दोनदा मीठ पडलं तर यंदाचं मीठच खारट निघालेलं असे. भाकरी करपली तर तवा पातळ. घागर फुटली तर कुंभारानं माती नीट तुडवली नव्हती. माझ्या हातून काही बिघडलं आहे असं सिद्ध करणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आणि ज्या घरात मी वावरत होते त्याच घरात एक माणूस दिवसातून दोनदा "चुकलो" म्हणत हिंडत होता. मला त्यांचा किती राग यायचा म्हणून सांगू! वाटायचं, हा माणूस मुद्दाम मला खिजवतो.

पण घराला त्यांचा खरा धसका बसला तो माझ्या नणंदेच्या लग्नावरून. वच्छलाबाई माझ्याहून वर्षानं लहान, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं घोडनवरी. एक स्थळ अगदी जमत आलं होतं. मुलाच्या बापाला सगळ्यांनी सोळावं वर्ष सांगितलं, काकाजींनीही मान हलवली. पाहुण्यांची गाडी नाल्यापर्यंत गेली असेल-नसेल, काकाजी मागे धावले. "सोयरे, थांबा. सोळा सांगितलं ते चुकलं. अठरावं लागलं." सोयरे थांबले, ऐकून घेतलं, आणि गेले ते गेलेच. वच्छलाबाई महिनाभर काकाजींशी बोलल्या नाहीत. काकाजी मात्र रोज त्यांच्यापुढे बसून म्हणत, "पोरी, मान हलवली तीच चूक झाली. तवाच बोललो असतो तर गाडी नाल्यापर्यंत कायले गेली असती?"

त्यानंतर आसेगावचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर खाऊनपिऊन सुखी, आणि वच्छलाबाईंनी दाराच्या फटीतून पाहून ठेवलेला. त्या काही बोलल्या नव्हत्या, पण तेव्हापासून विहिरीवर जाताना गुणगुणत जात, यावरून मी काय ते समजले. अडचण एकच होती: मुलाची आजी. त्या घरचा शब्द म्हणजे आजीचा शब्द. मोठ्या नातवाची सुपारी तिला डावलून फोडली होती, ती दोन महिन्यांत मानपानावरून मोडली; तेव्हापासून तिनं पण केला होता की धाकट्याची सुपारी दसऱ्याच्या दिवशी, नीलकंठाचं दर्शन घेऊन मगच फोडायची. आमच्याकडे दसऱ्याला नीलकंठ दिसणं फार शुभ, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आता आजीचे डोळे अधू. तिला झाड दिसे, झाडावरचं काही दिसत नसे. पण निळं काही हललं की ती निळाई तेवढी कळे. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी डोळसानं बोट दाखवायचं आणि तिनं हात जोडायचे. आणि ती दसऱ्याला येणार होती आमच्या घरी. काकाजींच्या घरी!

आदल्या दिवशी सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवलं. "हे पाह्य, उद्या माह्या दिराले मी पहाटेच आपट्याचं सोनं आनाले धाडते. तो येईपोवतर तू म्हातारीले नीलकंठ दाखवून दे. तुले ओळखू येते ना?"

"आमच्या कामरगावात सकाळ-संध्याकाळ नीलकंठच असतात," मी म्हणाले. त्या फाटलेल्या अर्ध्या पानावर नीलकंठ असावा असा माझा अंदाज होता.

दसऱ्याच्या सकाळी आसेगावची रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, आली. आजी, मुलाचा बाप आणि एक चुलता. चहापाणी झालं तशी मी आजीचा हात धरून तिला नाल्याच्या डोहाकाठी नेलं. तिथे पाण्यावर ओणवलेल्या बाभळीच्या फांदीवर एक पक्षी बसला होता. निळी पाठ, उन्हात चकाकणारी. माझ्या जिवात जीव आला. मी मोठ्या रुबाबात बोट केलं, "तो पाहा आजी, नीलकंठ!" तेवढ्यात पक्ष्यानं पंख झटकले, निळं काहीतरी लकाकलं, आणि आजीनं पदर पसरून नमस्कार केला. तिच्या सुरकुत्यांतून पाणी ओघळलं. मागून पावलं वाजली. आपट्याचा भारा खांद्यावर घेऊन काकाजी परत आले होते. त्यांनी वर पाहिलं आणि तेही म्हणाले, "हो माय. नीलकंठच तो."

आजी नमस्कार करून वळली. त्याच क्षणी नीलकंठानं डोहात सूर मारला आणि लालभडक चोचीत एक मासा तडफडवत फांदीवर येऊन बसला. आजीची पाठ होती. काकाजींनी पाहिलं. मी पाहिलं. खंड्या! गोठ्यातल्या वासरालाही ओळखू येईल असा खंड्या.

मी आजीला घेऊन तडक घरी आले. स्वयंपाकघरात शिरून पुरणाला हात घालते न घालते तोच दाराशी काकाजींची सावली पडली. घरात सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही, म्हणून मी दाराआड आणि ते दाराबाहेर, असं आमचं बोलणं चाले.

"सूनबाई, तो खंड्या व्हता."

"नीलकंठच होता काकाजी."

"मासा धरला ना त्यानं."

मी एक क्षणही विचार केला नाही. "आमच्या कामरगावचे नीलकंठ मासे खातात. पुस्तकात दिलेलं आहे."

 काकाजींचा स्वर अगदी हलका झाला. "असं का? मले मालूमच नव्हतं. मंग माहीच चूक झाली," असं म्हणून ते गेले. मी पदरानं घाम पुसला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ज्या माणसाला कुणीही केव्हाही चूक ठरवू शकतं, त्याचा एकदा तरी घराला उपयोग झाला, असं मला वाटलं. तेवढी माझी अक्कल.

दुपारी ओसरीवर बैठक बसली. ताटात हळदकुंकू, सुपारी, अडकित्ता. मुलाच्या बापानं सुपारी उचलली. आम्ही बायका दाराआड. वच्छलाबाई नवं लुगडं नेसून, केसांत झेंडू माळून माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. आणि काकाजी उठले. पागोटं काढलं. काखेत धरलं. सासूबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की त्याचा वण दिवाळीपर्यंत होता. "उठला गं माय, उठला."

"सोयरे," काकाजी म्हणाले, "सुपारी फोडाच्या आधी माही एक चूक कबूल कराची आहे. सकाळी माह्या मनात सूनबाईबद्दल शंका आली. मायनं ज्याले नमस्कार केला तो खंड्या असंल असं मले वाटलं, काहून का त्यानं पाण्यात बुडी मारून मासा काढला. पण सूनबाई चौथी शिकेल आहे. तिनं सांगितलं का नीलकंठ बी मासे खाते. मी उगाच शंका घेतली. चुकलो बा मी."

 आजीनं मान वर केली. "मासा? नीलकंठ टोळ खाते बापू, किडे खाते. मासा कवापासून खाऊन राह्यला?" मग ती दाराकडे वळली. "सूनबाई, खरं सांग. काय व्हतं ते?"

त्या वेळी मी दोन शब्द बोलायला हवे होते. काकाजी ते शब्द रोज बोलत, त्यांत अवघड काही नव्हतं. पण माझ्या तोंडून निघालं ते असं: "मला काय ठाऊक? काकाजींनी नीलकंठ म्हटलं, म्हणून मीही म्हटलं."

काकाजींनी दाराकडे पाहिलं. मी दिसत नव्हते, पण त्यांनी पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "बराबर आहे. म्या म्हटलं. माहीच चूक."

मुलाच्या बापानं सुपारी ताटात ठेवली. आजी म्हणाली, "गाडी जुंपा."  माझ्या मागे वच्छलाबाईंनी केसांतली फुलं एकेक करून काढायला सुरुवात केली, आणि ती फेकायला जागा नाही म्हणून माझ्या हातात दिली.

आजी रेंगीत बसली तरी काकाजी धुरीपाशी उभेच. "माय, दिवस बुडाले वेळ आहे. चाला, खरा नीलकंठ पाहू."

"तुले ओळखू येते का पाखरू?"

"नाई येत."

"मंग?"

"डोये माहे, अक्कल तुमची. म्या जसं दिसंल तसं सांगतो. नाव तुमी घ्या."

आजीनं त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या उंच सावलीकडे, बराच वेळ पाहिलं आणि सरकून जागा दिली. मुलाचा बाप आणि चुलता ओसरीवरच थांबले, आणि सासूबाईंनी मला पाण्याचा तांब्या घेऊन सोबत धाडलं. ती सोबत नव्हती, शिक्षा होती. रेंगी ज्वारीच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाच्या कडेनं, निघाली. मी मागे पाय खाली सोडून बसले. काकाजी हाकत हाकत सांगू लागले. "काळा आहे माय. शेपटी मंधातून चिरेल." "कोतवाल. चाल पुढं." "तपकिरी. पिवळे पाय. भांडून राह्यला." "साळुंकी रे बाप्पा, साळुंकी!" आणि काय सांगू, जन्मात पहिल्यांदा काकाजींचा प्रत्येक पक्षी बरोबर घरी जाऊ लागला. नाव घ्यायचं ओझं उतरल्यावर त्यांना सगळंच नीट दिसत होतं. पाचसहा पक्षी झाले. नीलकंठ नव्हता. आजी एकाएकी म्हणाली, "पाखरं राहू दे. पोट्टी कशी आहे ते सांग. जशी दिसते तशी."

 काकाजींनी बैलांच्या पाठीवर नजर ठेवली आणि त्याच आवाजात सांगू लागले. "अठरा पुरे झाले, एकोणिसावं लागलं. उंच आहे. डाव्या भिवईवर चट्टा आहे, लहानपणी ओट्यावरून पडली. भाकरी चांगली करते, वरण पातळ करते. राग येते, पण जेवाच्या आत जाते. मोट हाकता येते. घरात कोणी बिमार असलं का रातभर उठून पाह्यते, सांगा लागत नाई. एकडाव खोटं बोलली, गूळ खाल्ला व्हता. माह्याशी महिनाभर बोलली नाई, पण त्या महिन्यात माही भाकर कधी गार वाढली नाई."

"अन्?"

"अन् काई नाई. आठवलं तर आसेगावले येऊन सांगीन."

आजी हसायला लागली. बोळकं उघडून, पोट धरून हसली. "येशील रे तू, येशील! माह्या घरी आतापोवतर जेवढ्या पोरी सांगून आल्या, तेवढ्या लक्ष्म्याच व्हत्या. वरण कोणाचंच पातळ नव्हतं. झालं माहं नीलकंठाचं दर्शन. फिरव गाडी."

परतताना, गाव दिसू लागलं तेव्हा, वाटेच्या कडेला एका वठलेल्या पळसावर एक मातकट पक्षी मान आखडून बसला होता. गाडी जवळ आली तसा तो उडाला, आणि त्याचे पंख उघडले ते काय सांगू, एक फिकट निळा पट्टा, एक गडद निळा, जणू कुणी आभाळ घडी मोडून झटकलं. काकाजी बैल सावरत होते, आजी पदरानं डोळे पुसत होती. मी पाहिला. या खेपेला मला तिळमात्र शंका नव्हती. पण माझ्या तोंडून "नीलकंठ" म्हणजे काय, हे त्या गाडीत बसलेल्या सगळ्यांना कळलं होतं. मी तांब्या मांडीवर घट्ट धरला आणि गप्प बसले.

सुपारी फुटली. फाल्गुनात लग्न झालं. वच्छलाबाई आसेगावला सुखानं नांदल्या. लग्नानंतर काकाजी एकदा खास चालत तिकडे गेले आणि आजीला सांगून आले की गूळ नव्हता, खोबरं होतं.

पण मला सांगायची आहे ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. नीलकंठाच्या दर्शनाची वार्ता आदल्या सकाळीच गावभर झाली होती, म्हणून काकाजी घरोघर गेले. "काल नीलकंठ म्हणून म्या खंड्या दाखवला. चुकलो बा मी." म्या दाखवला, म्या. मी अंगणातून, ओट्यावरून, गोठ्याच्या कोपऱ्यावरून ऐकत होते. शेवटचं घर आमचंच होतं. ऊन चढल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. पागोटं काखेत होतं.

"सूनबाई, काल माह्यामुळं तुले सगळ्यांसमोर बोल लागला. चुकलो बा मी."

मी दाराआड उभी होते. हात पिठाचे होते. आणि मी, चौथी शिकलेली, म्हणाले, "असू द्या काकाजी. होतं असं कधी कधी."

मी त्यांना क्षमा केली!

ते लगेच गेले नाहीत. थोडा वेळ उभे राहिले, मग पागोटं डोक्यावर ठेवून मळ्याकडे वळले. मी सांगितलं ते त्यांनी खरंच मानलं होतं, की मला बोलायला जागा करून दिली होती, हे मला अजून कळलेलं नाही. काकाजी त्यानंतर बारा वर्षं जगले. रोज सकाळी ताक घ्यायला ते त्याच दाराशी यायचे. वाटी दोन्ही हातांनी धरून सावकाश प्यायचे, आणि रिकामी वाटी उंबऱ्यावर ठेवल्यावरही घटकाभर तिथेच थांबायचे. आणि मी रोज आतून विचारायची, "आणखी देऊ?"